निवडणूक लढवून परत सरकारी वकील: हे कायद्यात बसतं कसं?

वांद्रे_पूर्व:
उज्ज्वल निकम २०२४ च्या लोकसभेला उत्तर मध्य मुंबईतून भाजपचे उमेदवार झाले तेव्हा त्यांनी विशेष सरकारी वकील म्हणून हातातले खटले सोडले. वर्षा गायकवाडांकडून १६,५१४ मतांनी हरले आणि जूनमध्येच राज्य सरकारने त्यांना पुन्हा खटल्यांवर नेमलं. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी राज्यसभेवर नियुक्त केलं. कोण बरोबर, कोण चूक यावर वाद नको, तो टीव्हीवर झालाय. मला कायदा हवाय. सरकारी पैसे घेणारा वकील लाभाच्या पदावर नसतो का? पक्षाचा माणूस सरकारी वकील असेल तर आरोपीला हरकत घेता येते का? आणि सत्र न्यायालयात प्रॅक्टिस करणाऱ्या एखाद्याला पुढेमागे निवडणूक लढवायची असेल, तर त्याने कोणत्या वाटेने जावं?

ओव्हलसमोर:
आधी 'सरकारी वकील' हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या माणसांसाठी वापरतो, तो गोंधळ काढू.

किल्ला कोर्टात किंवा इतर दंडाधिकारी न्यायालयांत उभा राहतो तो सहायक सरकारी अभियोक्ता. तो एमपीएससीतून येतो, पगारी शासकीय नोकर असतो. त्याला १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम लागू. त्यातला नियम ५ राजकारणात भाग घेऊ देत नाही. या वाटेने गेलात तर निवडणुकीआधी नोकरीच सोडावी लागते, मधला मार्ग नाही.

दुसरा, सत्र न्यायालयातला सरकारी वकील किंवा अतिरिक्त सरकारी वकील. हा ठरावीक मुदतीसाठी नेमलेला खासगी वकील, किमान ७ वर्षांची वकिली लागते. सरकार बदललं की पुष्कळदा हे पॅनेलही, म्हणजे नेमलेल्या वकिलांची यादी, बदलतं, हे फोर्टात सगळ्यांना ठाऊक आहे.

तिसरा विशेष सरकारी वकील, एखाद्या खटल्यापुरता किंवा ठरावीक प्रकारच्या खटल्यांपुरता. जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम २४(८), आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८(८), वकिली किमान १० वर्षं. निकमांची ओळख ज्या नेमणुकांमुळे झाली त्या या जातीच्या. इथे एक चूक नेहमी होते: १० वर्षांची अट सगळीकडे लावतात. पोक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याचं) कलम ३२, अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम १५ आणि एनआयए (राष्ट्रीय तपास संस्था) कायद्याचं कलम १५ यांत ७ वर्षं पुरतात.

रोजनामा:
लाभाच्या पदावर लिहितो.

सरकारकडचं लाभाचं पद असेल तर माणूस अपात्र ठरतो: खासदारकीसाठी घटनेचं कलम १०२, आमदारकीसाठी १९१. दोन्हीत 'पद' आणि 'लाभ' असे दोन शब्द आहेत आणि भांडण बहुतेक वेळा पहिल्यावर होतं. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचा. महादेव विरुद्ध शांतीभाई यात उमेदवार रेल्वेच्या पॅनेलवरचा वकील होता. काम एका दाव्यापुरतं नव्हतं, रेल्वेची प्रकरणं सतत पाहायची होती. ते लाभाचं पद ठरलं. कांता कथुरिया प्रकरणात राजस्थान सरकारने उमेदवाराला एका लवादाच्या कामासाठी विशेष सरकारी वकील नेमलं होतं. तिथे तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने न्यायालय म्हणालं की हे 'पद'च नाही: माणूस गेला तरी मागे उरणारी जागा नाही, काम संपलं की सगळं संपतं.

म्हणजे एका खटल्यापुरती नेमणूक तुलनेने सुरक्षित, पॅनेल धोक्याचं. बऱ्याच जणांना वाटतं की 'सरकारशी करार' म्हणून लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९अ आड येईल. ते माल पुरवण्याच्या आणि बांधकामासारख्या कामांच्या कराराबद्दल आहे, वकिलीबद्दल नाही.

तारखेचं मात्र सांभाळा. त्याच कायद्याच्या कलम ३६(२)(अ) नुसार अपात्रता बघतात ती अर्ज छाननीच्या दिवशी, मतदानाच्या नाही. राजीनामा नुसता टपालात टाकून भागत नाही. तो मंजूर झाल्याचा कागद छाननीच्या टेबलावर हातात हवा. छाननीत कोणी बोललं नाही म्हणून सुटलो असंही नाही, निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका येऊ शकते.

आणि निवडून आल्यावर वकिली बंद होत नाही. बार कौन्सिलचा नियम ४९ पूर्णवेळ पगारी नोकरांना अडवतो. खासदार-आमदार त्यात बसत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अश्विनीकुमार उपाध्याय यांच्या याचिकेत सांगितलं.

माझगाव_लाइन:
वरचं सगळं बरोबर, पण दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, आणि खरा पेच तिथेच आहे.

पक्षाचं सदस्यत्व एवढ्या एका मुद्द्यावर नेमणूक रद्द करून घेणं अवघड, कारण कायद्यात तशी अपात्रताच लिहिलेली नाही. वर्तन दाखवावं लागतं. २००२ च्या गुजरात दंगलीतला बेस्ट बेकरी हत्याकांडाचा खटला आठवा. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो गुजरातबाहेर काढून फेरसुनावणीसाठी महाराष्ट्रात पाठवला, तो इथे माझगावला चालला. मूळ खटल्यातला सरकारी वकील बचाव पक्षाचा असल्यासारखा वागला, असे ताशेरे त्या निकालात आहेत. नवा सरकारी वकील नेमताना पीडितांचं म्हणणं विचारात घ्या, असंही सांगितलं. तिथे बोट ठेवलं गेलं ते वागण्यावर.

माझ्या मते खरी जोखीम खटला मागे घेण्यात आहे. सीआरपीसीचं कलम ३२१, आता नव्या संहितेचं ३६०. तो अर्ज सरकारी वकिलाने स्वतः विचार करून द्यायचा असतो, मंत्रालयातून आलेल्या पत्राखाली सही करून नाही, आणि त्याला न्यायालयाची संमती लागते. आंदोलनांतले गुन्हे, पक्षाच्या कार्यकर्त्यांवरचे गुन्हे इथूनच निघून जातात. नव्या संहितेने पीडिताला ऐकल्याशिवाय अशी परवानगी देता येणार नाही हे घातलं, ते चांगलं झालं.

कोर्टाबाहेर बोलण्याचंही तसंच. कसाबने बिर्याणी मागितल्याची गोष्ट आपणच रचली होती, हे निकमांनी २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितलं. निकालावर त्याचा परिणाम नाही, तो पुराव्यावर लागला. पण चालू खटल्यात सरकारी वकिलाने असं बोलू नये, मग तो पक्षात असो वा नसो.

ओव्हलसमोर:
माझगावकर, वर्तनाचं मान्य. पण पीडिताच्या बाजूने एक दार आहे. सरकारी वकील पटत नसेल तर १८(८) च्या परंतुकाखाली (कलमाला जोडलेल्या सवलतीखाली) आपला वकील मदतीला देता येतो, न्यायालयाच्या परवानगीने. तो साक्षीदार स्वतः तपासू शकत नाही, पुरावा संपल्यावर लेखी युक्तिवाद देतो. विशेष वकीलच हवा असेल तर अर्ज विधी व न्याय विभागाकडे. मुकुल दलाल प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की मागितला की दिला असं करायचं नाही, प्रत्येक मागणी तपासायची.

वांद्रे_पूर्व:
आभार. एकच राहिलं. खटला अर्धा झालाय आणि विशेष वकील उमेदवारी भरायला निघून गेला, तर त्या दिवशी कोर्टात होतं काय?

रोजनामा:
खटला थांबत नाही. नवी अधिसूचना येईपर्यंत त्या कोर्टाचा नेहमीचा अतिरिक्त सरकारी वकील उभा राहतो. सत्र खटला सरकारी वकिलानेच चालवायचा असतो (पूर्वी कलम २२५, आता २४८), त्यामुळे नव्या माणसाने अधिसूचनेची प्रत रेकॉर्डवर लावण्याआधी साक्षीदार तपासला तर बचाव पक्ष लगेच हरकत घेतो.

सगळ्यात वाईट म्हणजे साक्षीदार पिंजऱ्यात असताना बदल झाला तर. सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलाच्या पहिल्या तपासणीत, काय मुद्दाम विचारलं नाही आणि का, हे नव्याला माहीत नसतं. उलटतपासणीनंतरच्या फेरतपासणीत तो तेच उकरून काढतो आणि बचावाला आयतं मिळतं. म्हणून जाणाऱ्याने दोषारोपपत्राबरोबर तीन कागद द्यावेत: उरलेल्या साक्षीदारांची यादी आणि कोणाला वगळायचं ठरलं ते, निशाणी (पुरावा क्रमांक) लागलेल्या कागदांचा तक्ता, आणि सीडीआर (मोबाइल कॉलच्या नोंदी) आणि सीसीटीव्हीच्या कोणत्या पुराव्याला इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र अजून यायचंय ते. तिसऱ्यावाचून जास्त अडतं. मोबाइल कंपनीचा नोडल अधिकारी साक्ष देऊन गेल्यावर प्रमाणपत्र लावलंच नव्हतं हे कळलं, तर त्याला परत बोलावण्याचा अर्ज, त्यावर बचावाचं म्हणणं आणि पुढची तारीख.