फिलिप ग्लासचं संगीत 'मूळ आपलंच' आहे, हा दावा आता पुरे

मध्यलय

अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लासचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच रविशंकरांचं नाव येतं आणि पाठोपाठ 'म्हणजे मूळ आपलंच' हेही येतं. मला हे अजिबात पटत नाही. सगळा दावा एका प्रसंगावर उभा आहे, म्हणून तो आधी सांगतो.

१९६५, पॅरिस. ग्लास तेव्हा नादिया बूलांजे या संगीतशिक्षिकेकडे हार्मनी (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा मेळ) आणि काउंटरपॉइंट (एकाच वेळी चालणाऱ्या धुनांची गुंफण) घोटत होता. रविशंकर 'चापाक्वा' या चित्रपटाचं संगीत करत होते आणि ते पाश्चात्त्य वादकांसाठी नोटेशनमध्ये उतरवायचं काम ग्लासकडे आलं. त्याने सवयीप्रमाणे गट पाडून उभ्या रेघा मारल्या. वादकांनी वाजवलं की रविशंकरांचे तबलावादक अल्लारखांसाहेब अडवायचे: आघात चुकतोय. रेघा इकडेतिकडे सरकवल्या, तरी चुकतच राहिला. शेवटी त्याने सगळ्या रेघा खोडून टाकल्या, तेव्हा त्याला समोर सलग प्रवाह दिसला आणि त्यात दोन-तीन मात्रांचे लहान गट दिसले.

बरं, यातून त्याने घेतलं काय? लहान तुकडे जोडत लांब ओळ बांधायची रीत. पण ताल म्हणजे एवढंच का? तालाचा जीव आवर्तनात, म्हणजे ठरावीक मात्रांच्या फिरत्या चक्रात असतो. सम, म्हणजे त्या चक्राची पहिली मात्रा, कुठे येणार हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं, म्हणूनच समेवर दाद जाते. ग्लासची 'टू पेजेस' (१९६८) ऐका. फक्त पाच स्वर: मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम, सा, रे, कोमल ग, म. ते एकाच लयीत वाजत राहतात. मग त्या पाचांना पहिले चार जोडले जातात, मग पहिले तीन, मग दोन. सम नाही, खाली (तालातली बिनआघाताची जागा) नाही. ही रचना मला फार आवडते, पण तिला ताल म्हणू नका. वडिलांचं बाल्टिमोरमधलं रेकॉर्डचं दुकान, न्यूयॉर्कचं जुलियार्ड संगीत विद्यालय, बूलांजेबाईंची शिस्त, हे सगळं पुसून आपण त्याच्यावर आपला शिक्का मारतो. हे अन्यायाचं आहे.

तिरकिट

मध्यलय, साफ असहमत. मी तबला शिकवतो, त्यामुळे यावर गप्प बसवत नाही.

पाच, चार, तीन, दोन अशा उतरत जाणाऱ्या रचनेला आपल्याकडे गोपुच्छा यती म्हणतात. 'संगीत रत्नाकर' या ग्रंथात, म्हणजे १३व्या शतकात, ती आहे. कायद्याचे (तबल्यातल्या ठरावीक बोलांच्या रचनेचे) पलटे, म्हणजे फेरबदल, करताना तरी आपण काय करतो? 'धाधा तिट धाधा तूना' यातले तुकडे सुटे करायचे आणि नव्या क्रमाने जोडायचे. १९६८ मधलीच ग्लासची 'वन प्लस वन' ही रचना टेबलावर बोटांनी वाजवायची आहे. त्यात दोनच लयखंड आहेत: लघु-लघु-गुरू, आणि नुसता गुरू. बाकी सगळी जोडणी वाजवणाऱ्याने करायची. हे पाहून तबल्याच्या विद्यार्थ्याला घरचं वाटलं तर त्याचं काय चुकलं? ग्लासने स्वतः रविशंकर आणि अल्लारखांचं ऋण आयुष्यभर मोकळेपणाने मानलं. तो मानतो, मग तुम्ही का नाकारता?

मध्यलय

ऋण नाकारत नाहीये, मालकी नाकारतोय. तुमचा पलटा कितीही फिरला तरी सोळा मात्रांत बसवून समेवर आणावाच लागतो. ग्लासला कुठेही बसवायचं नाही. माझ्या लेखी हा फरक मुळातला आहे.

अनवट

तुम्ही दोघंही तालापाशीच अडलात. ग्लासच्या 'सत्याग्रह' या ऑपेराचं काय? १९८०, रॉटरडॅम. गांधींची दक्षिण आफ्रिकेतली वर्षं, आणि गायचा सगळा मजकूर गीतेतला, संस्कृतमधूनच. वाद्यवृंदात ना ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी फुंकवाद्यं) ना तालवाद्यं. शेवटी गांधी एकटे गातात, ते म्हणजे एक चढती स्वरपंक्ती, पुन्हा पुन्हा. पाश्चात्त्य लोक त्या स्वरमालेला फ्रिजियन म्हणतील. आपल्या कानाला तो भैरवी थाटाचा (रे, ग, ध, नि कोमल) सरळ आरोह आहे. ग्लासने तो आपल्याकडून घेतला असं मी म्हणत नाही. पण भैरवीने मैफल संपवणाऱ्या माणसाला त्या जागी काय होतं, ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही.

जर्सीकर

मी 'सत्याग्रह' न्यूयॉर्कला पाहिलं. मला गीतेचे बरेच अध्याय पाठ आहेत, तरी एकेक अक्षर इतकं ताणलेलं की श्लोक ओळखू येईना. पहिल्या अंकानंतर माझं लक्षच उडालं. ज्या माणसाने अगदी साध्या भाषेत लोकांशी बोलून चळवळ उभी केली, त्याच्यावरच्या ऑपेरात प्रेक्षकाला शब्द कळू नये, हे मला खटकतं. गीता आहे एवढ्यावर हुरळून जाण्यासारखं त्यात काही नाही.

अनवट

जर्सीकर, शब्दांनी गोष्ट सांगायचीच नाही, हा तिथे जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय आहे. गोष्ट रंगमंचावर दिसते. दरबानमध्ये जमाव अंगावर येतो आणि पोलीस अधीक्षकांची पत्नी छत्रीच्या आडोशाने गांधींना बाहेर काढते, हा प्रसंग समजायला शब्द लागत नाहीत. गीता त्या वेळी त्यांच्या मनात चाललेली आहे. आणि शब्द पोचत नाहीत म्हणता, तर २०११च्या डिसेंबरमध्ये मेट्रोपॉलिटन ऑपेरात याचा प्रयोग संपत असताना बाहेर 'ऑक्युपाय'वाले, म्हणजे आर्थिक विषमतेविरुद्धच्या 'ऑक्युपाय वॉल स्ट्रीट' चळवळीतले लोक, निदर्शनं करत होते. ग्लास स्वतः त्यांच्यात जाऊन उभा राहिला आणि ऑपेराच्या शेवटच्या ओळी त्याने इंग्रजीतून म्हटल्या, गर्दीने त्या त्याच्यामागून म्हटल्या. त्या 'यदा यदा हि धर्मस्य'च्याच ओळी.

मध्यलय

हा प्रसंग मलाही मोठा वाटतो. पण तो माणूस तिथवर पोचला कसा, तेही बघा. १९७६ मध्ये त्याच्या 'आइनस्टाइन ऑन द बीच' या ऑपेराचे मेट्रोपॉलिटनमध्ये प्रयोग झाले, डोक्यावर कर्ज झालं, आणि हा परत न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवायला लागला. त्याआधी नळदुरुस्ती केली, सामानाची हलवाहलव केली. चाळिशी उलटली तरी पोट संगीतावर चालत नव्हतं. 'सत्याग्रह'चं काम आलं तेव्हा कुठे टॅक्सी सुटली. स्वतःचं वादक-मंडळ काढून, लोक बाहेर उठून जात असताना तो तेच वाजवत राहिला. ही चिकाटी कुठल्याही परंपरेच्या खाती जमा करता येत नाही.

तिरकिट

चिकाटी त्याचीच, वादच नाही. अल्लारखांसाहेबांनी दाखवलेली वाटही तितकीच खरी. आता एक करा: १९९० मधला रविशंकर आणि ग्लास यांचा 'पॅसेजेस' हा अल्बम ऐका. दोघांनी एकमेकांच्या कल्पनांवर रचना बांधल्यात. ग्लासने बांधलेल्या भागांत सम सापडते की नाही, ते हातावर मात्रा मोजून सांगा. मला सापडते. तुम्हाला नाही सापडली तर नेमकी कुठे सुटली ते लिहा, मग पुढे बोलू.