हेडफोन अ‍ॅम्पचा आवाज: निकाल कानाने द्यायचा की मीटरने?

कानसेन (धागाकर्ता)

दोन महिन्यांपासून टेबलावर दोन हेडफोन अ‍ॅम्प शेजारी शेजारी आहेत. एक सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टर-चिपवाला): तळहाताएवढा, गार, निर्विकार. दुसरा ट्यूबचा (जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा), आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला, म्हणजे ओटीएल. चालू केला की पाचेक मिनिटं नुसता तापत बसतो. हेडफोन सेनहायझर एचडी 600, डॅक (डिजिटल गाण्याचा सिग्नल करणारी डबी) दोघांना एकच.

कागदावर तुलनाच नाही. पहिल्याची डिस्टॉर्शन (आवाजात पडणारी भेसळ) इतकी कमी की मोजायला महागडं यंत्र लागावं. दुसऱ्याची कोणीही मोजेल. तरी रात्री दिवे मालवून तानपुरा लावला की हात आपोआप ट्यूबकडे जातो. सॉलिड स्टेटवर चार तारा ऐकू येतात, एकामागून एक, स्वच्छ. ट्यूबवर खर्जाची तार छेडली गेली की ती विरायच्या आत पुढची तिच्या अंगावर येते आणि चारांचा मिळून एक नाद होतो. फरक एवढाच आहे, पण मला तो पुरतो.

मित्र म्हणतात, ही डिस्टॉर्शन आहे, तू विकृतीच्या प्रेमात पडलायस. पडलो असेन! तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात. त्या दोऱ्यामुळे तारेचा साधा ठोका झंकारतो, वरचे स्वरांश फुलतात. यंत्रवाल्यांच्या हिशेबाने तीही भेसळच. दोरा काढून टाका असं कोणी म्हणतं का? मग ट्यूबने थोडा दुसरा हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट फ्रीक्वेन्सीचा स्वरांश) घातला तर बिघडलं कुठे? अ‍ॅम्पची परीक्षा कानाने करावी. आधी ग्राफ बघून मग ऐकणाऱ्यांनी कान गहाण टाकलेत असं माझं मत आहे. बोला.

निवांत

शब्दाशब्दाशी सहमत. ग्राफवर नजर ठेवून ऐकणारे लोक गाणं ऐकत नाहीत, अ‍ॅम्प ऐकतात.

ओहमकर

जवारीचा दाखला सुंदर आहे, पण तुमच्याच विरुद्ध जातो. दोरा वाद्यात असतो. तो कुठे सरकवायचा ते वाजवणाऱ्याने ठरवलं, आणि त्याचा परिणाम रेकॉर्डिंगमध्ये आधीच उतरलाय. अ‍ॅम्प वाद्य नाही, निरोप्या आहे. निरोप्याने निरोपात पदरचं घालू नये. तुमचा ट्यूब अ‍ॅम्प तानपुऱ्याला दोरा लावतो, तसा सनईला लावतो, पियानोला लावतो, बातम्या वाचणाऱ्यालाही लावतो.

आता मुख्य मुद्दा. दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणला होता का? ‘नॉब अंदाजाने सारखा केला’ हे उत्तर चालणार नाही. अर्धा-पाऊण डेसिबल जास्त आवाज कानाला ‘मोठा’ वाटतच नाही, ‘भरीव’, ‘मोकळा’, ‘जिवंत’ वाटतो. शिवाय कमी पातळीवर कान खालच्या स्वरांना बहिरा असतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच ते वक्र काढून ठेवलेत. आवाज थोडा चढला की खर्ज जास्त प्रमाणात वर येतो. म्हणजे तुमच्या त्या खर्जाच्या तारेचं गूढ नॉबच्या दोन रेघांमध्येही असू शकतं. मला विचाराल तर आंधळी चाचणी केलीत, म्हणजे कुठला वाजतोय हे न कळता ऐकलंत, तर फरक कल्पनेतलाच निघणार. आपला तो बाब्या.

निवांत

ओहमकर, तुमच्या त्या आंधळ्या चाचणीबद्दलच माझी तक्रार आहे. दहा सेकंद हा, दहा सेकंद तो, सांगा कुठला? याला परीक्षेचा ताण म्हणतात, संगीत ऐकणं नाही. मी एखादं यंत्र महिनाभर वापरतो. कान थकतात का, एक तुकडा संपल्यावर दुसरा लावावासा वाटतो का, हे बघतो. तुमच्या चाचणीत हे कुठे बसतं?

ओहमकर

बसतं की. दहा सेकंदांचा नियम कोणी केला? झाकून ठेवलेला अ‍ॅम्प आठवडाभर ऐका आणि मग सांगा. अट एकच: कुठला वाजतोय ते माहीत नसावं. एबीएक्स पद्धत (ए आणि बी ऐकायचे, मग ‘एक्स’ त्यातला कुठला ते ओळखायचं) मन्सन आणि गार्डनर या बेल लॅब्जच्या मंडळींनी 1950 मध्ये मांडली, तीही टेलिफोनच्या कामासाठी. अमुक एका पंथाचं ते हत्यार नाही. लोक पटापट बदलून ऐकतात त्याला कारण आहे. आवाजाच्या बारीक तपशिलाची आठवण काही सेकंदच टिकते. महिन्याने तुम्हाला आवाज आठवत नाही, त्याबद्दलचं तुमचं मत आठवतं.

सूरपेटी

माझ्या अ‍ॅम्पला बॅलन्स्ड आउटपुट आहे (एकाच आवाजाचे सुलट-उलट दोन सिग्नल, वेगळ्या तारांवर). त्याच हेडफोनला बॅलन्स्ड केबल लावली आणि अक्षरशः पडदा दूर झाला. हे तरी कल्पनेतलं म्हणू नका.

ओहमकर

कल्पनेतलं नाही, 6 डेसिबल आहे. बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये नॉब न हलवता बॅलन्स्डवर व्होल्टेज दुप्पट मिळतं. दुप्पट व्होल्टेज म्हणजे 6 डेसिबल. नॉब तेवढा खाली आणा आणि पडदा पुन्हा येतो का बघा.

सोल्डरवाली

दोन्ही पक्ष जोरात आहेत, पण ज्या एका आकड्यावरून हे भांडण मिटू शकतं तो कोणी विचारतच नाहीये. कानसेन, तुमच्या ट्यूब अ‍ॅम्पचा आउटपुट इंपीडन्स (आउटपुटपाशी विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये) किती?

एचडी 600 वर 300 ओहम लिहिलेलं असतं, पण ते सगळ्या फ्रीक्वेन्सींना 300 नसतात. 100 हर्ट्झच्या आसपास डायाफ्रामच्या (आवाज काढणाऱ्या पडद्याच्या) रेझोनन्सपाशी, म्हणजे तो आपोआप जास्त थरथरतो तिथे, इंपीडन्स पाचशेच्या घरात चढतो. अ‍ॅम्पचा स्वतःचा इंपीडन्स नगण्य असेल तर या चढाने काही बिघडत नाही. पण तो मोठा असेल तर अ‍ॅम्प आणि हेडफोनमध्ये व्होल्टेजची वाटणी होते आणि ज्याचा इंपीडन्स जास्त त्याला वाटा जास्त. ओटीएलमध्ये 100 ओहम किंवा वरही सर्रास सापडतात. 120 धरा. 320 ओहमच्या ठिकाणी हेडफोनला 73 टक्के मिळतात, 500 च्या ठिकाणी 81 टक्के. फरक जवळपास 1 डेसिबलचा, नेमका खर्जावर.

ट्यूबचा गोडवा, दुसरा हार्मोनिक वगैरे सगळं बाजूला ठेवा. ही नुसती ओहमची वाटणी आहे. साध्या अ‍ॅम्पला 120 ओहमचा रेझिस्टर जोडला तरी हेच होईल. (अवांतर: 120 हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. हेडफोन आउटपुटसाठी आयईसी 61938 मानकात तोच सुचवला होता. आज लोक उलट टोकाला गेलेत: हेडफोनच्या आठव्या हिश्शाहून कमी हवा म्हणतात. मला आठव्या हिश्शाचा नियम पटतो.)

घरी मोजता येतं. 400 हर्ट्झचा सूर लावा, हेडफोन काढा, मल्टीमीटरवर 1 व्होल्ट येईपर्यंत नॉब फिरवा. मग आउटपुटवर 330 ओहमचा रेझिस्टर लावा आणि व्होल्टेज किती पडलं ते सांगा. 400 च का, तर साध्या मल्टीमीटरवर त्याच्या पुढे भरवसा ठेवू नये.

आणि ओहमकर, ‘कल्पनेतलाच’ हा शब्द तुम्ही घाईने वापरलात.

ओहमकर

आउटपुट इंपीडन्सचं मान्य. पण तो अ‍ॅम्पचा ‘आवाज’ नव्हे, जोडी जमवण्यातली चूक आहे. 2011 मध्ये एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाच्या अनामिक अभियंत्याने ओटू हा अ‍ॅम्प आराखड्यासकट सगळ्यांसाठी खुला केला, तो नेमकं हेच दाखवायला. साधे ऑप-अ‍ॅम्प (अ‍ॅम्पच्या तयार चिप), नीट मांडणी, आणि कानाला पकडता येणार नाही इतका कमी दोष. अशा दोन अ‍ॅम्पमधला फरक मला आजवर कोणी बंद डोळ्यांनी दाखवलेला नाही.

सोल्डरवाली

ओटू मी स्वतः सोल्डर केलाय. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या पोटात घालून चालतो आणि आउटपुट इंपीडन्स अर्ध्या ओहमच्या आसपास. मला आवडतो. पण ‘जोडीतली चूक’ म्हणून विषय संपत नाही. ऐकणारा नेहमी जोडीच ऐकतो, एकटा अ‍ॅम्प कोणीच ऐकलेला नाही.

मधलीसुट्टी

मी फोनच्या डोंगलवर (फोनला लावायचा छोटा डॅक-अ‍ॅम्प) एचडी 600 ऐकतो आणि सुखी आहे. मला शिव्या घालायला सुरुवात करावी.

सोल्डरवाली

कशाला घालू? त्या हेडफोनला 1 व्होल्टला 97 डेसिबल मिळतात, आणि चांगला डोंगल 1 व्होल्ट देतो. तुमची रेकॉर्डिंग फार हळू पातळीची नसतील तर पुरतं. हायफायमॅनच्या एचई-6 सारखा चालवायला जड प्लेनर (सपाट चुंबकी पडद्याचा हेडफोन) लावलात तर मात्र डोंगल हात टेकेल.

कानसेन

चार दिवस गप्प होतो कारण मोजत होतो. आधी कबुली. दोन महिने ज्या खुणांवर नॉब ठेवून ऐकत होतो, त्याच खुणांवर हेडफोन लावून मोजलं. सॉलिड स्टेटवर 0.40 व्होल्ट, ट्यूबवर 0.47. हिशेब केला: 1.4 डेसिबल. ओहमकर, घ्या.

सोल्डरवाली ताई, रेझिस्टर लावल्यावर 1 व्होल्टचे 0.73 झाले. म्हणजे साधारण 120 ओहम. तुम्ही माझ्या टेबलाखाली बसला होता का?

मग चाचणी. दोन सॉकेट आणि एक टॉगल स्विच जोडून डबी केली (दोन्ही अ‍ॅम्प अनबॅलन्स्ड आहेत म्हणून हे चाललं, बॅलन्स्डवर कृपया करू नका). डबी धाकट्या बहिणीच्या हातात, नाणंही तिच्याच हातात. माझी पाठ तिच्याकडे, हेडफोन डोक्यावरून काढायचा नाही. पातळी 400 हर्ट्झवर जुळवली, फरक 1 टक्क्याच्या आत, म्हणजे 0.1 डेसिबलपेक्षा कमी.

पहिल्या तीन वेळा काही म्हणता काही कळलं नाही. हाताला घाम. वाटलं, गेली दोन महिन्यांची श्रद्धा. मग गाणं बदलून नुसता तानपुरा लावला आणि फक्त खर्जाच्या तारेकडे लक्ष ठेवलं. ती तीन बाद धरून पुन्हा पहिल्यापासून 16 वेळा. 13 बरोबर.

तेच मित्राच्या प्लेनर हेडफोनवर केलं, पातळी नव्याने जुळवून. 16 पैकी 9.

निवांत

हा सूर्य, हा जयद्रथ! कल्पनेतलं म्हणत होते ना?

ओहमकर

‘कल्पनेतलाच’ मागे घेतो. अंदाजपंचे 16 पैकी 13 किंवा जास्त येण्याची शक्यता टक्काभरच आहे, आणि तीन बाद धरलेल्या खेपा तुम्ही न लपवता सांगितल्यात.

पण निवांत, दुसरा आकडाही वाचा. प्लेनरचा इंपीडन्स जवळपास सपाट असतो, म्हणून 120 ओहमची वाटणी सगळ्या स्वरांना सारखी बसली. तिथे 9 आले. 9 किंवा जास्त तर नुसत्या नाण्यावर शंभरातल्या 40 वेळा येतील. ट्यूब तीच होती, दुसरा हार्मोनिकही होता. मग गोडवा कुठे गेला? जवारीचा सगळा मुद्दा तिथे संपला. दोरा-बिरा काही नाही, खर्जावर 1 डेसिबलचा फुगवटा आहे. तो सॉलिड स्टेटवर इक्वलायझरने देता येतो, फुकटात.

निवांत

‘फुकटात देता येतो’ हे आज म्हणताय. तो आहे हे कळलं कानामुळेच. दोन महिने ऐकून कानसेननी जे सांगितलं, ‘खर्जाची तार वेगळी’, तेच मीटरवर सापडलं. स्थळ अचूक होतं.

ओहमकर

स्थळ अचूक, कारण चूक. आणि त्यातही 1.4 डेसिबल नॉबचे होते.

सूरपेटी

बॅलन्स्डचा नॉब खाली आणून ऐकला. याबद्दल मी आत्ता काही बोलणार नाही.

सोल्डरवाली

प्लेनरच्या निकालावर फार उड्या मारू नका. 16 खेपांत 9 आले म्हणजे फरक सापडला नाही एवढंच. कानसेननी मोठ्या आवाजात ऐकलं असतं तर कमी इंपीडन्सच्या प्लेनरवर ओटीएलला दम लागलाही असता, आणि तो करकरत कानावर आला असता.

कानसेन

इक्वलायझरही करून पाहिला. सॉलिड स्टेटवर 100 हर्ट्झपाशी 1 डेसिबल वर, उतार दोन्हीकडे बेताचा. पुन्हा बहीण, पुन्हा नाणं. 16 पैकी 7. म्हणजे ओळखू शकलो नाही, आणि ज्याला मी ठामपणे ट्यूब म्हणालो त्यातले निम्मे तरी तो गार डबाच होता.

जवारीचा दाखला परत घेतो, निदान या अ‍ॅम्पपुरता. ट्यूब विकणार नाही. चालू असताना काचेवर नख आपटलं की कानात बारीक ‘टिंग’ येतं आणि दोन-तीन सेकंद रेंगाळतं. याला मायक्रोफोनी म्हणतात, हा उघड उघड दोष आहे, आणि गाणं लावायच्या आधी मी तो रोज एकदा ऐकतो. गेल्या आठवड्यापासून मात्र गाणं बहुतेक वेळा दुसऱ्याच डब्यावर चालू असतं.

ओहमकर

पातळी 400 वर जुळवलीत ती ठीक. इक्वलायझर लावल्यावर पुन्हा मोजली होती का? त्याच्या उताराने 400 वर थोडं वर गेलं असेल तर 7 चा आकडाही तपासून घ्यावा लागेल.

कानसेन

मोजली नव्हती. बहिणीला विचारलं. ती म्हणते नाणं घे आणि स्वतःच उडव.