जुन्या मिनीचा स्टीअरिंग कॉलम खाली घेताना रॅकही सैल करावा लागतो का?

प्रश्न

माझ्याकडे १९७०च्या दशकातली मिनी आहे आणि ती मी नियमित चालवतो. या गाडीचे स्टीअरिंग बसमधल्यासारखे आडवे आणि उंच असल्यामुळे हात सतत उचललेले राहतात व तासाभराच्या प्रवासानंतर खांदे भरून येतात. कॉलम, म्हणजे स्टीअरिंगचा दांडा, खाली आणणारे तयार ब्रॅकेट मी घेऊन ठेवले आहे. डॅशबोर्डखालच्या शेल्फला कॉलम जिथे धरलेला असतो, तिथले बोल्ट काढून मध्ये हे ब्रॅकेट बसवायचे, एवढेच काम वरवर दिसते. परंतु वरचे टोक खाली ओढले की खालच्या टोकाला, म्हणजे कॉलम रॅकच्या (चाके वळवणाऱ्या दातेरी दांड्याच्या) पिनियनवर (त्याला सरकवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या दांड्यावर) बसतो तिथे, ताण येणार नाही का? ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

तुमची शंका अगदी रास्त आहे आणि या कामात बहुतेकांची चूक नेमकी इथेच होते. मिनीचा कॉलम सरळ एका रेषेत पिनियनवर उतरतो. मध्ये युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे कोन बदलू देणारा सांधा, नाही. त्यामुळे वरच्या टोकाची उंची बदलली की पिनियनचा कोनही तेवढाच बदलायला हवा, आणि त्यासाठी रॅक आपल्या जागी किंचित फिरवावा लागतो. रॅकला धरून ठेवणाऱ्या यू-बोल्टचे नट गाडीच्या आतून, पायाशी असलेल्या गालिच्याखाली सापडतात. ते काढून टाकू नका, रॅक हाताने फिरेल इतकेच सैल करा. मग नवे ब्रॅकेट बसवून कॉलम वर पक्का करा, रॅकला कॉलमच्या रेषेत आपोआप येऊ द्या आणि यू-बोल्ट सर्वांत शेवटी, दोन्ही बाजूंनी थोडे थोडे करून आवळा.

मी पहिल्यांदा हे काम केले तेव्हा रॅकला हात लावला नव्हता. ब्रॅकेट बसले, गाडी निघाली, पण वळण संपल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ होईना आणि प्रत्येक फेऱ्यात एका ठरावीक जागी ते जड लागे. यू-बोल्ट सैल करताच रॅक टक्‌ असा आवाज करून जरासा फिरला. तोवर सगळा ताण कॉलम आणि पिनियनच्या बेअरिंगवर होता.

उत्तर २

वरील क्रम योग्य आहे; त्यात बॅटरीचा मुद्दा जोडतो. कॉलमवरच्या स्विचच्या आणि हॉर्नच्या वायरींजवळ पाने चालवायचे असल्याने आधी बॅटरीची जोडणी काढावी; मिनीत ती डिकीत असते. काम झाल्यावर या वायरी ताणल्या जात नाहीत ना, हेही पाहावे.

माझी खरी सूचना मात्र वेगळी आहे. ब्रॅकेट बसवण्याआधी सीटवर बसून, स्टीअरिंग जिथे येणार आहे त्या उंचीवर कुणाला तरी हात धरायला सांगा आणि क्लच पूर्ण दाबून पाय वर घ्या. उंच माणसाच्या मांडीला स्टीअरिंगची कड लागत असेल, तर ब्रॅकेटऐवजी सीट मागे नेणारे ब्रॅकेट अधिक उपयोगी पडेल. ज्या मिनीत स्पीडोमीटर मधोमध आहे तिथे अडचण नाही, पण तो चालकासमोर असेल तर स्टीअरिंगच्या कडेआड जातो का तेही बसूनच तपासा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मांडीला जागा पुरते, हे पाहून घेतले. आता एकच विचारतो: रॅक फिरवताना कॉलम पिनियनवरून उचलावा लागेल का?

उत्तर १

सहसा लागत नाही. तरीही कॉलम पिनियनवर आवळून धरणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट सैल करून कॉलम थोडा वरखाली बसू द्यावा. पिनियनच्या दातेरी टोकाला एक आडवी खाच असते आणि क्लॅम्पचा बोल्ट त्या खाचेतूनच गेला पाहिजे, कारण कॉलम वर निसटू न देण्याचे काम तोच करतो. बोल्ट नुसता क्लॅम्प आवळून बसला आहे की खाचेत आहे, हे टॉर्चच्या उजेडात डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. कॉलम पूर्ण उचललाच, तर आधी चाके सरळ ठेवून दोन्ही भागांवर रंगाची एक रेघ ओढा, म्हणजे स्टीअरिंग वाकडे बसणार नाही. आणि ब्रॅकेटऐवजी वॉशरची चळत किंवा घरी वाकवलेली लोखंडी पट्टी कृपया वापरू नका; अपघातात किंवा खड्ड्यात ही जोडणी सुटली तर हातात काहीच उरत नाही.

प्रश्नकर्ता

काम पूर्ण झाले. पुढची चाके जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन वेळा फिरवले आणि कुठेही जड लागले नाही. क्लॅम्पचा बोल्ट पहिल्या प्रयत्नात खरोखरच खाचेच्या वर बसला होता. पाहिले नसते तर कळले नसते. यू-बोल्टचे जुने लॉकनट बोटांनी फिरण्याइतके सैल झाले होते, म्हणून चारही नवे घातले. काल दीड तास गाडी चालवली. कोपरे खाली राहिली आणि खांदे दुखले नाहीत.