सोरायसिस नेमका कशामुळे होतो? द्राक्षबागेतील फवारणीशी त्याचा संबंध असू शकतो का?

बागायतदार, तासगाव:
नमस्कार. माझ्या थोरल्या भावाच्या दोन्ही कोपरांवर, गुडघ्यांवर आणि डोक्यात गेल्या हिवाळ्यापासून लालसर, जाड चट्टे उठले असून त्यांवरून चंदेरी पापुद्रे झडतात. त्वचारोगतज्ज्ञांनी सोरायसिसचे निदान केले आहे. ऑक्टोबर छाटणीनंतरची बहुतेक फवारणी तोच करत असल्याने घरच्यांचा सारा रोख औषधांवर आहे. गावात कोणी रक्त बिघडल्याचे सांगतो, कोणी वांगी बंद करायला लावतो, आणि मुलांना लागण होईल या भीतीने वहिनींनी त्याचा टॉवेल व अंथरूण वेगळे केले आहे. आमच्या घराण्यात हा आजार कोणालाच नव्हता. मग तो आला कुठून?

त्वचारोग विभाग, मिरज:
टॉवेल आणि अंथरूण आजच एकत्र करावे. हा संसर्गजन्य रोग नाही. जागतिक आरोग्य सभेच्या २०१४ च्या ठरावातही त्याची नोंद असंसर्गजन्य आजार अशीच आहे. रक्त ‘बिघडत’ नाही आणि वांग्यांचाही दोष सिद्ध झालेला नाही.

मूळ बिघाड रोगप्रतिकारशक्तीत आहे. टी-पेशी विनाकारण सक्रिय होतात, आयएल-२३, आयएल-१७ आणि टीएनएफ ही दाह वाढवणारी प्रथिने त्वचेत वाढतात आणि एरवी साधारण महिनाभरात वर येऊन गळणारी त्वचेची पेशी ३ ते ५ दिवसांतच, अपक्व अवस्थेत, वर येते. पापुद्रे साचतात ते त्यामुळे. या प्रवृत्तीचा मोठा भाग आनुवंशिक आहे, विशेषतः सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए-सी जनुकाच्या एका प्रकाराशी निगडित. मात्र एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला सोरायसिस असला तरी दुसऱ्याला तो होतोच असे नाही, त्यामुळे घराण्यात कोणाला नसणे हे मुळीच आश्चर्याचे नाही. प्रवृत्ती दबून राहते, आणि घशाचा संसर्ग, मानसिक ताण, दारू, धूम्रपान, लठ्ठपणा, काही औषधे किंवा कोरडी थंडी यांपैकी एखादे निमित्त तिला जागे करते.

फवारणीच्या औषधाने जो त्रास होतो तो बहुधा संपर्कजन्य त्वचादाह असतो. तो मनगट, मान, चेहरा अशा उघड्या जागी येतो, फार खाजतो, कधी पाणी सुटते आणि संपर्क टळला की ओसरतो. दोन्ही बाजूंना सारखे उठलेले कोरडे चट्टे हे त्याचे रूप नव्हे. तरीही बागेकडे अगदीच दुर्लक्ष करू नये, कारण सोरायसिस असलेल्या त्वचेला जिथे इजा होते तिथे काही दिवसांनी नवा चट्टा उठू शकतो. पाठीवरच्या पंपाचा पट्टा खांद्याला घासत असेल किंवा मांडवाच्या तारेने हात ओरखडत असतील, तर पूर्ण बाह्यांचा जाड सदरा वापरणे उपयोगाचे ठरेल.

भाऊ रक्तदाबाची किंवा अन्य कोणती नियमित गोळी घेतात का, हे कृपया कळवावे.

वाचक, कऱ्हाड:
माझ्या अंगावर कॉलेजात असताना, घसा बसून ताप आल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, थेंबांसारखे बारीक ठिपके उठले होते, आणि तो स्ट्रेप्टोकोकस जंतूंच्या संसर्गानंतरचा सोरायसिस असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. भावाला इतकेच सांगा की मेडिकलमधून गजकर्णाची म्हणून मिळणारी ट्यूब स्वतःहून लावू नये. अशा कित्येक ट्यूबांत तीव्र स्टेरॉइड असते; चट्टे झपाट्याने दबतात, पण ट्यूब बंद झाली की पूर्वीपेक्षा जोराने उसळू शकतात. कशाने बनली हे न सांगता दिल्या जाणाऱ्या पुड्यांबाबतही मी तितकाच साशंक आहे.

बागायतदार, तासगाव:
दोघांचेही आभार. गेल्या पावसाळ्यात रक्तदाब निघाल्यापासून त्याला गोळी चालू आहे. पाकिटावर मेटोप्रोलॉल लिहिले आहे. संध्याकाळचे पिणेही आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्वचारोग विभाग, मिरज:
मेटोप्रोलॉल बीटा-ब्लॉकर गटातील असून या गटातील औषधांनी सोरायसिस सुरू होणे किंवा बळावणे वैद्यकशास्त्राला परिचित आहे, आणि हे कधीकधी गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांनीही घडते. पाऊस ते हिवाळा हा काळ त्यात बसतो, पण एवढ्यावरून गोळीच कारण आहे असे ठरत नाही. ती एकाएकी बंद करणे हृदयाला धोक्याचे आहे. म्हणून पाकीट घेऊन आधी रक्तदाबाच्या डॉक्टरांना भेटावे व पर्यायी औषध चालेल का ते विचारावे. दारू मात्र कोणाला न विचारता सोडता येईल, तरीही रोज आणि भरपूर पिणे असेल तर तीही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच बंद करावी. पुढच्या भेटीत नखांवरचे बारीक खड्डे दाखवावेत आणि सकाळी उठल्यावर बोटे आखडतात का तेही सांगावे, कारण काही रुग्णांत हाच दाह सांध्यांपर्यंत पोहोचतो.