घाऊक दर ठरवून भागत नाही
फोन-इंटरनेटच्या तारांचं जाळं ज्या कंपनीकडे असतं, ती ते प्रतिस्पर्ध्यांना घाऊक दराने वापरायला देते; या दरावर नियामकाने मर्यादा घातली की स्पर्धा आपोआप येईल, असं म्हटलं जातं, पण ते अर्धंच पटतं. खरी मेख घाऊक आणि किरकोळ दरांतल्या फरकात असते. जर्मनीत १९९८ ते २००१ या काळात डॉइचे टेलिकॉम प्रतिस्पर्ध्यांकडून लाइनचं जे भाडं घ्यायची, ते तिच्या स्वतःच्या ग्राहकांच्या दरापेक्षाही जास्त होतं! टिकणार कोण? २००३ मध्ये युरोपियन कमिशनने १.२६ कोटी युरो दंड ठोकला. 'दर नियामकानेच मंजूर केलेत' हा कंपनीचा बचाव न्यायालयातही चालला नाही.

न्यूझीलंडने २०११ मध्ये मुळावरच घाव घातला. तिथल्या 'टेलिकॉम' नावाच्या फोन कंपनीचे दोन तुकडे केले आणि तारांचं जाळं ज्या कोरसकडे गेलं, तिला थेट ग्राहकांना सेवा विकायलाच मनाई. प्रतिस्पर्ध्याची जोडणी मुद्दाम रखडवायचा मोहही मग उरत नाही.