प्रति: सह्याद्रीच्या कातळाखाली तेल असेल का?
गुजरातमधील खंबायतच्या खोऱ्यात बेसाल्ट (लाव्हा थिजून बनलेला काळा कातळ) आणि तेल दोन्ही आहे, मग साताऱ्याखाली शून्य का धरायचे, असे वर विचारले आहे. तेथे बेसाल्ट हा तळ असून तेलाचा जनक शेल (चिखलाचा गाळ दबून झालेला खडक) त्याच्यावर साचला. आपल्याकडे बेसाल्टच माथ्यावर आहे. त्याखाली जुना गाळ असता, तर गोष्ट वेगळी होती. परंतु कोयनेजवळ रासाटी येथे संशोधनासाठी घेतलेल्या खोल छिद्रात सुमारे ९३० मीटर बेसाल्ट संपताच थेट ग्रॅनाइटी पाया लागला, मध्ये गाळाचा थर नव्हताच. न सापडलेल्या साठ्याचा अंदाज करताना जनक खडक (ज्यात तेल तयार होते), साठवण खडक (ज्याच्या छिद्रांत ते साठते) आणि सापळा (ते निसटू न देणारी खडकांची रचना) यांच्या शक्यतांचा गुणाकार करतात, बेरीज नव्हे. त्यामुळे पहिलाच घटक शून्य असल्यास (सापळा कितीही देखणा असो) उत्तर शून्यच येते. निदान कोयना परिसरापुरते मी हे ठामपणे म्हणेन.