बाइंडिंग की विथ-रीडेफ्स: माझा अनुभव

कोणीतरी विचारलंय की क्लोजर या प्रोग्रॅमिंग भाषेत टेस्टपुरतं (म्हणजे प्रोग्रॅम तपासण्यापुरतं) एखादं फंक्शन बदलायचं तर त्यातल्या दोन सोयींपैकी बाइंडिंग (binding) वापरावं की विथ-रीडेफ्स (with-redefs). माझं मत बाइंडिंग. इकडे देवगडला काकांच्या आंबापेट्यांच्या हिशोबाचा छोटा प्रोग्रॅम मी लिहिलाय, त्यात वाशी मार्केटचा भाव नेटवरून आणणारं फंक्शन आहे आणि पावसात नेट कधी जाईल नेम नाही, म्हणून टेस्टमधे त्याजागी ठरलेला भाव देणारं फंक्शन बसवतो. विथ-रीडेफ्स मूळ व्याख्याच तात्पुरती बदलतं, म्हणजे सगळ्या थ्रेडना (प्रोग्रॅममधे एकाच वेळी चालणाऱ्या कामांना) तो खोटा भाव दिसतो, दोन टेस्ट एकाच वेळी चालवल्या की एकीचा भाव दुसरीत घुसतो. बाइंडिंग त्या थ्रेडपुरतंच, फक्त क्लोजर १.३ पासून त्या फंक्शनचं नाव आधी डायनॅमिक (तात्पुरतं बदलता येणारं) म्हणून जाहीर करावं लागतं नाहीतर एरर येतो.

आणि यादीतल्या प्रत्येक गोष्टीवर फंक्शन चालवणारा मॅप लेझी असतो, म्हणजे उत्तर वाचायला घेईपर्यंत काम करत नाही, हे विसरू नका हां! माझा अख्खा दिवस त्यात गेला, मॅपने दिलेली यादी बाइंडिंगचा ब्लॉक संपल्यावर वाचली जायची आणि तोवर जुनं फंक्शन परत जागेवर आलेलं असायचं, शेवटी डू-ऑल घालून ब्लॉकच्या आतच यादी पूर्ण करून घेतली तेव्हा सुटलं. हेच ईमॅक्स या एडिटरच्या लिस्प भाषेत करत असाल तर सीएल-फ्लेट नको, ते लेक्सिकल आहे, म्हणजे त्या ब्लॉकमधे लिहिलेल्या कोडपुरतंच, बाकीच्या फंक्शनना बदल दिसत नाही, सीएल-लेटएफ घ्या.